इत्यादी

लेबल नऊ सेंटिमीटरचं.
त्यात माड बसवायचा, देवळाचा कळस,
"घरगुती" हा शब्द लाल, तिरका, दुरून दिसेल असा,
अध्यक्षीणबाईंचा मोबाइल नंबर,
आणि उरलेल्या जागेत लाडू.

म्हणजे लाडवात काय आहे ते.
नाचणी, गूळ, साजूक तूप, वेलची,
पुढे काजू, पुढे खसखस, पुढे सुंठ,
आणि ओळ माडाच्या बुंध्याला धडकली.
मोचेमाडकर वहिनी म्हणाल्या, "माड हलवू नकात, बरो दिसता."
मग मीच सुचवलं,
वेलचीनंतर "इत्यादी" टाकू.
तीन अक्षरं. सगळं मावतं.

वेंगुर्ल्यात काजूला कोण भितं?
बोंडूच्या वासावर आमचा उन्हाळा सुरू होतो,
काजूवर पोरांच्या फिया जातात.
दीपश्री आरोलकरसुद्धा काजूच फोडते, कारखान्यात,
बोटांची टोकं तेलाने करपलेली.
संध्याकाळी विहिरीवर राख, मग साबण, मग पुन्हा राख,
लुगडं बदलून मगच लेकीला जवळ घेते.
सावनीला, पाच वर्षांच्या,
काजूचा कण गेला की आधी ओठ सुजतात,
मग गळा.

दीपश्री सातवी शिकलेली.
दुकानात पाकीट उलटं करते, बोट ठेवून वाचते.
दुकानदार हसतो, "काय गो, परीक्षा हा काय?"
माझं लेबलही तिने तसंच वाचलं.
बोट नाचणीवरून गुळावर, गुळावरून तुपावर, वेलचीवर,
आणि माझ्या तीन अक्षरांवरून घसरून
माडावर.

मोचेमाडच्या घाटात, रिक्षात,
सावनी म्हणत होती,
"आये, माका वारो गावना नाय."
समोर अख्खा समुद्र वारा घेऊन उभा होता.

वाचली.
डॉक्टर जागेवर होते. इंजेक्शन शिल्लक होतं.
वाटेत फाटक नव्हतं, लग्नाची वरात नव्हती.
इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात
त्याला कायदा म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

चौथ्या दिवशी दीपश्री छापखान्यात आली.
भांडेल वाटलं होतं.
तिने पाकीट टेबलावर ठेवलं, बोट ठेवलं, विचारलं,
"भाऊ, इत्यादी म्हंजे काय ता सांगा.
शाळेत शिकवलेला, पण माका आठवना नाय."
मशीन चालू होतं. मी बंद केलं.
तरी उत्तर आलं नाही.

आता नियमांचा नवा मसुदा आलाय,
हरकती व सूचना मागवल्यात.
आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज छापले, हा माझा.
हरकत: माझीच, माझ्यावर.
सूचना: काजू, शेंगदाणा, तीळ, दूध, गहू, कोळंबी,
ज्याने कुणाचा श्वास अडतो त्याचं नाव
"घरगुती" एवढं तरी मोठं असावं.
सुट्या मालाच्या पाटीवर असावं,
जत्रेतल्या खाजाच्या टोपलीवरही.
मसाल्यात सुकट असेल तर सुकट म्हणावं,
"चवीपुरतं" म्हणू नये.
आणि "इत्यादी" हा शब्द
लग्नपत्रिकेपुरता राहू द्यावा.

वहिनी म्हणाल्या, "खर्च वाढतलो. गिऱ्हाईक भियातला."
मी हिशेब काढला: हजार लेबलांमागे सात रुपये.
भीतीचा हिशेब मला येत नाही.

कोकणात उभा माड कुणी तोडत नाही.
मी तोडला. बुंध्यापासून, झावळ्यांसकट,
माउसच्या एका क्लिकवर.
तिथे ठळक काळ्यात लिहिलं:
यात काजू आहे.

परवा दीपश्री दुकानात दिसली.
नवं पाकीट उलटं केलं, बोट ठेवलं,
बोट काजूपाशी थांबलं.
पाकीट तिने परत फळीवर ठेवलं,
बाहेर सावनी चिंच चोखत उभी होती, तिचा हात धरला
आणि चालू लागली.

वहिनींचं एक गिऱ्हाईक गेलं.
मी दुकानदाराकडे बघून हसलो,
त्याला काही कळलं नाही.